झांकलेल्या अवयवाचा मान

वाचावयाचीं वचनें : १ करिंथ. १२:२२–२६, मार्क ७:१८–२३, २ राजे २०:१–७



पौल प्रेषितानें करिंथ येथील मंडळीला ऐक्य शिकवितांना मनुष्याच्या शरीराचा दृष्टान्त घेतला. त्यांतील हात, पाय, डोळा व कान यांचा भाग आपल्या रविवारच्या शाळेंतील मुलांनाही सांगतां येतो. परंतु त्याच अध्यायांत थोडें पुढें तो अशा अवयवांकडे वळतो कीं, ज्यांचें नांव चारचौघांत कोणी घेत नाहीं. त्याचा भावार्थ असा कीं, जे अवयव आपणांस हलके वाटतात त्यांनाच आपण अधिक जपून वस्त्र घालितों. आणि देवानेंही शरीर जुळवितांना उण्या अवयवाच्या पदरीं अधिक मान घातला, तो अशासाठीं कीं शरीरांत फूट पडूं नये. हें वचन वाचून पुष्कळ लोक तसेच पुढें जातात. आज आपण तेथें थोडा वेळ थांबूं या. कारण ज्या दुःखाविषयीं आम्ही लिहीत आहों, त्या दुःखांत हें वचन केवळ दृष्टान्त राहत नाहीं, तें मनुष्याच्या अंगावरच येऊन ठेपतें.

मोठ्या आंतड्याच्या शेवटच्या भागाला गुदाशय म्हणतात. तेथें कर्करोग झाला असतां कधीं कधीं तो सर्व भाग कापून काढावा लागतो, आणि मग मळाला बाहेर पडावयास वाट राहत नाहीं. अशा वेळीं शस्त्रवैद्य निरोगी आंतड्याचें टोंक पोटाच्या कातडींतून बाहेर आणून तेथें शिवितात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, व त्यावर चिकटणारी पिशवी लावितात. कोणाची ही वाट कांहीं महिन्यांपुरती असते, कोणाची जन्मभराची. तें तोंड ओठाच्या आंतल्या बाजूसारखें लाल व ओलसर असतें. त्याला हात लागला तरी दुखत नाहीं; पण तें मिटून धरणारा स्नायु नसल्यामुळें मळ व वारा केव्हां बाहेर पडेल हें त्या मनुष्याच्या इच्छेवर राहत नाहीं.

ही युक्ति आजकालची नव्हे. १७९३ सालीं फ्रान्स देशांतील ब्रेस्त या गांवीं ड्यूरे नांवाच्या शस्त्रवैद्यानें, गुदद्वारावांचून जन्मलेल्या एका तान्ह्या बाळाच्या पोटावर असें तोंड केलें, आणि तें बाळ वाढून पंचेचाळीस वर्षें जगलें. १९०८ सालीं लंडन येथील अर्नेस्ट माइल्स यांनीं गुदाशयाचा कर्करोग मुळासकट काढण्याची रीति प्रसिद्ध केली. तेव्हांपासून असंख्य लोक पोटावरच्या या वाटेनें जगत, कामधंदा करीत व लेंकरें वाढवीत आले आहेत.

आतां असें समजा कीं, जिंतूर किंवा गंगाखेड तालुक्यांतील एका बंधूनें हें सर्व सोसलें आहे. मुंबईस जाऊन शस्त्रक्रिया झाली, पिशवी लागली, आणि तीन वर्षें तो आपल्या कापसाच्या शेतांत उभा राहिला. मग एके दिवशीं तपासणींत यकृतावर एक ठिपका दिसला. आंतड्यांतील रक्त प्रथम यकृतांतून जातें, म्हणून या रोगाचें बीज पुष्कळ वेळां तेथेंच रुजतें. डॉक्टर म्हणतात, “ठिपका लहान आहे, एकटाच आहे, पोट न फाडतां उपाय होईल, लौकर या.” आणि तो घरीं येऊन कोणाला कांहींच सांगत नाहीं. रात्रीं बायकोला एवढेंच म्हणतो, “एक भोंक पुरे झालें. आतां दुसरें नको.”

त्या मनुष्याला उपचाराच्या दाराशीं कोण अडवितें? केवळ सुईचें भय नव्हे. तीन वर्षें गिळलेली लाज त्याला अडविते. या लाजेविषयीं प्रभूचें वचन काय शिकवितें, हें आपण क्रमानें पाहूं.

पहिली गोष्ट : पोटावरची वाट मनुष्याला अशुद्ध करीत नाहीं

मार्काच्या सातव्या अध्यायांत आपला प्रभु शुद्ध व अशुद्ध यांचा निवाडा करितो, आणि तो करितांना तो पोटाविषयीं व शौचाविषयीं उघड बोलतो. मनुष्य जें खातो तें अंतःकरणांत शिरत नाहीं. तें पोटांत जातें आणि शरीराबाहेर टाकलें जातें, एवढीच त्याची गोष्ट. मनुष्याला मलिन करणारी घाण निराळी आहे. ती अंतःकरणांतून निघते, आणि तिचीं नांवें चोरी, व्यभिचार, लोभ, निंदा, गर्व अशीं आहेत. ज्यानें आपलें शरीर निर्मिलें त्याला शरीराच्या या कामाची लाज वाटली नाहीं. मग मळ खालच्या वाटेनें गेला काय किंवा पोटावरच्या वाटेनें गेला काय, त्यामुळें आत्म्याला कोणता डाग लागतो? जो पिशवी लावून प्रभुभोजनास बसला तो अशुद्ध नाहीं. जो त्याच्याकडे पाहून नाकाला पदर लावितो, त्यानें मात्र आपलें अंतःकरण तपासावें.

जुन्या नियमशास्त्रांत शरीराच्या कांहीं व्यंगांमुळें मनुष्याला परमेश्वराच्या मंडळींत येण्याची मनाई होती. परंतु यशयाच्या छपन्नाव्या अध्यायांत देव त्याच लोकांना आपल्या घरांत जागा व नांव देण्याचें वचन देतो. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांत तें वचन गाजाच्या वाटेवर पुरें होतें. फिलिप्प त्या कूशी षंढाच्या रथांत त्याच्या शेजारीं बसला, आणि वाटेंत पाणी लागतांच त्याचा बाप्तिस्मा झाला. फिलिप्पानें त्याच्या शरीराची चौकशी केली असें कोठेंही लिहिलें नाहीं.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांना हा धडा इतरांपेक्षां लौकर कळला पाहिजे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांना गांवकुसाबाहेर राहावें लागलें. त्यांच्या हाताचें पाणी कोणी घेत नसे, त्यांची सावलीही टाळीत असत. गांवची घाण त्यांनीं काढावी, आणि गांवानें त्यांनाच घाण म्हणावें, असा तो न्याय होता. शुभवर्तमानानें त्या न्यायाला खोटें ठरविलें. ज्या घरांत ही आठवण जिवंत आहे, त्या घरांत एका रोग्याचा पेला निराळा ठेवला जावा काय? ज्या मंदिरांत आपणांस प्रथम सतरंजीवर सर्वांबरोबर जागा मिळाली, त्या मंदिरांत एका भावाला दाराबाहेर चपलांपाशीं बसावें लागावें काय? त्याला वेळींअवेळीं उठावें लागतें म्हणून तो स्वतः दाराजवळची जागा मागेल, तर ती त्याला आदरानें द्यावी. पण ती त्यानें मागावी, दुसऱ्यानें नेमून देऊं नये.

दुसरी गोष्ट : उपचार व प्रार्थना यांचें वैर नाहीं

हिज्कीया राजा मरणाच्या पंथाला लागला तेव्हां त्यानें भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली. देवानें ती ऐकली आणि त्याच्या आयुष्यांत पंधरा वर्षें वाढविलीं. परंतु त्याच प्रसंगीं यशया संदेष्ट्यानें अंजिरांचें पोटीस मागविलें, व तें गळवावर बांधिल्यावर राजा बरा झाला. संदेष्ट्याच्या एका हातीं देवाचा शब्द होता व दुसऱ्या हातीं औषध होतें. म्हणून कोणी गांवोगांव फिरणारा मनुष्य जर म्हणेल कीं, “तुमचा विश्वास पुरा असेल तर पिशवी काढून टाका, डॉक्टरकडे जाऊं नका,” तर त्याला यशयाचें हें पोटीस दाखवावें. आणि कोणी म्हणेल कीं हा रोग अमक्या पापाचें फळ आहे, तर त्याला योहानाचा नववा अध्याय वाचून दाखवावा. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं हाच तर्क केला होता, आणि प्रभूनें तो साफ नाकारिला.

देवानें आपल्या काळीं वैद्यांच्या हातीं काय दिलें आहे तें थोडें ऐका. १९७२ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनीं पोटांत दुर्बीण घालून तपासण्याचें काम सुरू केलें, आणि १९९० सालीं त्याच रुग्णालयांत त्यांनीं दुर्बिणीच्या साह्यानें पित्ताशय काढिलें. ही शस्त्रक्रिया भारतांत त्यापूर्वीं कोणीं केली नव्हती. आज आंतड्याच्या कर्करोगावरही पुष्कळ ठिकाणीं याच रीतीनें शस्त्रक्रिया होते. पोटांत वायु भरून तें फुगवितात, बोटाच्या पेराएवढीं किंवा त्याहूनही लहान तीन-चार छिद्रें पाडितात, एका छिद्रांतून दुर्बीण व इतरांतून हत्यारें आंत जातात, आणि शस्त्रवैद्य पडद्यावर पाहून काम करितात. यकृतावरचा ठिपका लहान असेल तर कधीं कधीं एवढेंही लागत नाहीं. सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅनमध्यें पाहत एक लांब सुई थेट गांठींत नेतात व विजेच्या प्रवाहानें तापवून ती गांठ जाळितात. प्रत्येक रोग्याला हा उपाय लागू पडत नाहीं. गांठ मोठी असली, पुष्कळ गांठी असल्या किंवा मोठी रक्तवाहिनी जवळ असली, तर डॉक्टर दुसरा मार्ग धरितात. परंतु ज्याला तो लागू आहे त्यानें लाजेपायीं दिवस घालविले, तर लहान गांठ मोठी होते आणि उघडें असलेलें दार मिटतें.

ज्याला अगोदरच स्टोमा आहे त्याला अशी शस्त्रक्रिया होतच नाहीं, अशी समजूत करून घेऊं नये. शस्त्रवैद्य तें तोंड टाळून दुसरीकडे छिद्रें पाडितात. पूर्वींच्या शस्त्रक्रियेमुळें आंत आंतडीं एकमेकांस चिकटलेलीं असूं शकतात. तशीं तीं आढळलीं तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावें लागतें. त्यांत वैद्याचें अपयश नाहीं व रोग्याच्या विश्वासाची उणीवही नाहीं. म्हणून जाण्यापूर्वीं जुने कागद, पूर्वींच्या शस्त्रक्रियेची नोंद व आपल्या मापाच्या चार-पांच जादा पिशव्या बरोबर घ्याव्या. पोटावर पिशवी आहे हें पहिल्याच भेटींत मोकळेपणें सांगावें. वैद्यापाशीं लाजणें म्हणजे विहिरीच्या कांठीं बसून तहान लपविणें होय.

मुंबईच्या परळ भागांतील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. तेथें अशा रोग्यांसाठीं स्वतंत्र स्टोमा-क्लिनिक आहे. आपल्या मराठवाड्यांत छत्रपती संभाजीनगर येथें २०१२ सालापासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि बार्शीस नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेंतून कर्करोगाच्या पुष्कळ शस्त्रक्रियांचा खर्च ठराविक रुग्णालयांत भागतो. कोणता उपचार कोठें होतो व कोणते कागद लागतात याची विचारपूस करणें हें निरक्षर रोग्याला कठीण पडतें. तें काम उपदेशकानें आपलें समजावें.

तिसरी गोष्ट : जखमेच्या मापानें दुःख मोजूं नये

पूर्वीं पोटावर वीतभर टांका घेऊन कोणी परत आला म्हणजे सारा गांव भेटावयास येई. आतां दोन दिवसांत मनुष्य घरीं येतो, पोटावर दोन-तीन पट्ट्या असतात, आणि शेजारी म्हणतात, “एवढेंच ना? मग उद्यां निंदणीस या.” या लहान छिद्रांबद्दल देवाचे आभार मानावे, त्यांमुळें वेदना कमी होते व मनुष्य लौकर उठतो. परंतु ज्या रोगासाठीं तीं पाडिलीं तो रोग लहान नाहीं. पुढील तपासणीचा कागद हातीं येईपर्यंत त्या घरांत कोणाला झोंप लागत नाहीं, आणि ती तपासणी वर्षानुवर्षें चालते. पौलाच्या शरीरांतील कांटा काय होता हें आपणांस ठाऊक नाहीं. तो बाहेरून दिसत होता असेंही त्यानें लिहिलें नाहीं. तीन वेळां प्रार्थना करूनही तो निघाला नाहीं, आणि तरीही कृपा पुरली. म्हणून आम्ही कोणाही रोग्याला बरें होण्याचें वचन देत नाहीं. तें वचन देण्याचा अधिकार मनुष्याला नाहीं. कृपा पुरेल, एवढें मात्र प्रभूच्या शब्दावर निःशंक सांगतों.

चौथी गोष्ट : लाज लपविते, प्रीति झांकते

पौल म्हणतो तें झांकणें व लाजेचें लपविणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. लाज मनुष्याला एकटें पाडिते. प्रीति त्याच्यावर वस्त्र घालून त्याला सर्वांमध्यें बसविते.

१९५४ सालीं डेन्मार्क देशांत एलिसे सोरेन्सेन नांवाची एक परिचारिका होती. तिची बहीण थोरा हिच्या पोटावर असेंच तोंड केलें होतें, आणि तें गळेल या भयानें ती घराबाहेर पडेनाशी झाली. एलिसेनें विचार करून करून कातडीला घट्ट चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढिली. आज जगभर लक्षावधि लोक ज्या पिशव्या वापरितात, त्यांचा उगम एका बहिणीच्या मायेंत आहे. अमेरिकेंत नॉर्मा गिल नांवाची बाई स्वतः स्टोमा घेऊन जगत होती. १९५८ सालीं क्लीव्हलँड येथील डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनीं तिला रुग्णालयांत इतर रोग्यांस शिकविण्यास नेमिलें, आणि स्टोमाच्या शुश्रूषेची स्वतंत्र विद्या तेथून वाढली. १९७५ सालीं मुंबईंत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. तिच्यांतही अशीं माणसें एकमेकांना आधार देतात. ज्या सांत्वनानें आपलें सांत्वन झालें त्यानेंच दुसऱ्याचें सांत्वन करावें, असें करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत शिकविलें आहे. ज्या बंधूनें ही वाट एकदां चालली आहे, तो आपल्या जिल्ह्यांत नव्या रोग्याला ज्या अधिकारानें धीर देईल, तो अधिकार कोणत्याही शाळेंत मिळत नाहीं.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, तुम्हांस कांहीं साध्या गोष्टी सांगतों. रोग्याचें गुज त्याच्या परवानगीवांचून प्रार्थनासभेंत उघडें करूं नका. नांव न घेतांही देवाला रोगी कळतो. त्याच्या घरीं गेलां तर तेथें चहा घ्या व जेवा. तुमच्या तासभर उपदेशापेक्षां तो घास अधिक बोलेल. मंदिराजवळ पाण्याची व आडोशाची सोय नसेल तर ती मंडळीनें करावी. आपल्याकडील उन्हाळ्यांत घामानें पिशवीचा चिकटा सुटतो, म्हणून दुपारच्या सभेस त्याला आग्रह करूं नका. त्यानें जड पोतें उचलूं नये, उचलल्यास त्या तोंडाशेजारीं पोट फुगून येण्याचें भय असतें. तर वेचणीच्या दिवसांत मंडळींतील तरुणांनीं त्याचीं पोतीं उचलावीं. पिशव्यांचा खर्च दर महिन्यास येतो. मूठ-मूठ ज्वारी जमवून जी मंडळी पाळकाचा भार वाहते, ती एका भावाच्या पिशव्यांचा थोडा तरी भार वाहूं शकेल. आणि परभणीच्या स्टेशनावरून रात्रीच्या गाडीनें तो मुंबईस निघेल तेव्हां त्याच्याबरोबर एक जण असावा. गाडीच्या गर्दींत शौचकूपाच्या दाराशीं कोणी उभा राहणारा असणें, हें त्या रात्रीं त्याला मोठें सुवार्ताकार्य वाटेल.

पतिपत्नींनाही एक शब्द. सुखांत व दुःखांत, रोगांत व आरोग्यांत असें वचन आपण मंडळीसमोर दिलें आहे. पत्नीच्या पोटावर पिशवी आली म्हणून जो तिला माहेरीं धाडितो तो तें वचन मोडितो. शस्त्रक्रियेपूर्वीं साडीचें किंवा धोतराचें नेसणें कोठें येतें तें पाहून शस्त्रवैद्य त्या तोंडाची जागा खुणावितात. परका वैद्य जिच्या निऱ्यांचा एवढा विचार करितो, तिच्या मनाचा विचार नवऱ्यानें करूं नये काय?

आणि प्रिय रोगी बंधो, प्रिय भगिनी, तुम्हांसही सांगतों. पुनरुत्थानानंतर आपला प्रभु जखमा पुसून शिष्यांकडे आला नाहीं. महिमेच्या शरीरावरही हातांचे वण व कुशीचें तोंड राहिलें होतें, आणि थोमाला त्यानें तेंच दाखविलें. उघड्या जखमेची ओळख ज्याला आहे अशा प्रभूसमोर तुम्ही उभे आहां. त्याच्यासमोर पोट झांकून धरण्याची गरज नाहीं. तारीख ठरली असेल तर जा. मंडळीला सांगा, आणि जा.

प्रार्थना करूं या. हे दयाळू पित्या, तूं आमचें शरीर जुळविलेंस आणि उण्या अवयवाला मान दिलास. जे पोटावर हें ओझें वाहतात व पुन्हा उपचारास निघतात, त्यांचें भय हलकें कर. शस्त्रवैद्यांच्या व परिचारिकांच्या हातांस स्थिर ठेव. आणि आमच्या मंडळ्यांत अशी प्रीति दे कीं, एक अवयव दुखला असतां कोणीही म्हणूं नये कीं तें दुखणें माझें नव्हे. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.